बांध एकाचा, पाणी सगळ्यांचे



ओढ्यावरचा एखाद्या बागाईतदाराचा खाजगी मातीचा बांध आपण रोज ओलांडतो. तो लोंढा अडवितो म्हणून खालचा ऊस उभा राहतो. पण दुरुस्तीचे नाव काढले की उत्तर ठरलेले: "बांध ज्याचा, खर्च त्याचा." हे वरवर रास्त वाटते. ते किती महागात पडते, हे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील एडनव्हिल धरणाने दाखविले.

हे मातीचे धरण १९२४ च्या सुमारास वीज आणि पूरनियंत्रणासाठी बांधले गेले. मालकी खाजगी. मोठ्या पुराच्या मानाने सांडवा अपुरा, म्हणून केंद्रीय नियामक आयोगाने वर्षानुवर्षे तगादा लावला. मालकाचे म्हणणे, एवढा पैसा नाही. अखेर २०१८ साली वीजनिर्मितीचा परवाना रद्द झाला. विजेचे उत्पन्न गेले, सांडवा होता तेवढाच राहिला. कागद हलला, बांध काही बळकट झाला नाही.

पुढे तिथल्या जिल्ह्यांनी धरण विकत घ्यायचे ठरविले. पण व्यवहार पुरा व्हायच्या आतच, १९ मे २०२० रोजी, मोठ्या पावसाने ते फुटले. त्या लोंढ्याने खालचे सॅनफर्ड धरणही गेले. दहा हजारांवर लोकांना हलविल्याने जीव वाचले, घरेदारे मात्र बुडाली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पाणी धरणाच्या माथ्यावरून गेलेच नव्हते. तलाव चढला आणि भरावातली सैल वाळू एकाएकी पातळ होऊन वाहिली, असे चौकशी समितीने २०२२ च्या अहवालात सांगितले. म्हणजे वरून धडधाकट दिसणारा बांध पोटात कच्चा होता. रस्त्यावरून पाहिले म्हणजे तपासणी झाली, असे नव्हे.

आपल्याकडे २०१९ साली चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून माणसे गेली. गळतीची ओरड गावकऱ्यांनी आधीच केली होती.

मालकाने जबाबदारी झटकावी, असे माझे म्हणणे नाही. पण त्याची ऐपत संपली म्हणून पाणी थांबत नाही. ज्याचे रान बांधामुळे वाचते, त्याने वाटा उचलावा. भाग भांडवल गोळा करून कारखाना उभा करणाऱ्यांना हे नवे नाही.

तेव्हा मे अखेरच्या आत प्रत्येक गटात मालक व खालचे शेतकरी यांनी एकत्र बसावे. सांडव्यातला गाळ व झुडपे काढावीत. भरावावरची उंदीर-खेकड्यांची बिळे पाहावीत. पायथ्याशी नवी ओल दिसली किंवा पाझर गढूळ येऊ लागला, तर त्याच दिवशी तलाठ्याला व जलसंधारण खात्याला लेखी कळवून पोच घ्यावी. दुरुस्तीसाठी एकरी वर्गणी ठरवावी.

ती वर्गणी आज जड वाटेल. पण बांध फुटला तर ऊस जातो, माती जाते, आणि सोसायटीचे कर्ज तेवढे जागेवर राहते.

— ऊस विकास अधिकारी