‘नवरा-बायकोचं भांडण’

नवरा मारतो म्हणून कुणी परदेशात आश्रय मागावा का, असं विचारणारे लोक दुष्ट नसतात. ते कायदाच उघडून दाखवतात. १९५१च्या निर्वासित करारात छळाची पाच कारणं दिली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. ‘बाई असणं’ त्या यादीत नाही, हे खरंच.

ग्वाटेमालाच्या रोडी अल्वाराडोचा नवरा माजी सैनिक. तिचं डोकं आपटून त्याने खिडक्यांच्या काचा फोडल्या, आरसाही. पोलीस आले नाहीत. न्यायाधीश म्हणाले, घरगुती भांडणात आम्ही पडत नाही. १९९५मध्ये दोन मुलं मागे ठेवून ती अमेरिकेला पळाली. १९९९मध्ये तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाने तिची हकिकत खरी मानली, आणि आश्रय नाकारला. कारण काय, तर नवऱ्याने मारलं ते ती त्याची बायको म्हणून. दुसऱ्या बायकांना तो कुठे मारत होता?

हा युक्तिवाद चलाख आहे, पण लंगडा. त्याच वर्षी लंडनमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे दोन पाकिस्तानी स्त्रियांचं प्रकरण होतं. व्यभिचाराचा आळ आलेल्या, नवऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या. तिथले एक न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांनी नाझी जर्मनीतला एक ज्यू दुकानदार कल्पिला. धंद्यातला प्रतिस्पर्धी गुंड आणून त्याचं दुकान फोडतो. वैर धंद्याचं, जुन्या हिशेबांचं. पण दुकानदार ज्यू असल्याने पोलीस फिरकणार नाहीत, हे ठाऊक असल्यामुळेच प्रतिस्पर्ध्याचा हात उठतो. छळात मारणारा असतो, तसं कडी न काढणारं पोलीस ठाणंही असतं. आणि ते ज्यांच्यासाठी कडी काढत नाही, त्या बायका म्हणजे गट नव्हे तर काय?

कोर्ट घरात शिरत नाही, हेही अर्धसत्य. १८८७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना बजावलं होतं: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. नवऱ्याने हाक मारली की न्यायसंस्थेला घराची वाट सापडते. बायकोने मारली की उंबरठा आडवा येतो.

उरली लोंढ्याची भीती. अर्धा अफगाणिस्तान येईल म्हणतात. गट लहानच हवा, अशी अट करारात नाही. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने तर मुभाच दिली: अर्जदार अफगाण आहे आणि स्त्री आहे, एवढं पाहिलं तरी चालेल. शिवाय तालिबानच्या फर्मानाने जिला ७२ किलोमीटरपलीकडे पुरुष नातेवाइकाशिवाय जाता येत नाही, तिचा लोंढा येणार कुठून? खोटे अर्ज येतात, मान्य. धर्माच्या नावावरही येतात. म्हणून धर्म कुणी यादीतून खोडला नाही.

रोडीला आश्रय मिळाला डिसेंबर २००९मध्ये. तोवर मागे ठेवलेली मुलं मोठी झाली होती.