दुर्वासांचा शाप

सज्जन माणूस प्रेमकथेत सहसा नायक होत नाही. फार तर तो नायिकेचा थोरला भाऊ होतो, नाही तर शेवटच्या प्रकरणात तिला आगगाडीत बसवून देणारा मित्र. वेळेवर येणारा, आईला औषध आणून देणारा, नायिकेशी कधीही वाकडे न बोलणारा तरुण लेखकाने पुढे आणला की वाचक ओळखतो, याच्या पदरात काही पडत नाही! नायिका जाणार ती त्याच्याकडे नव्हे. जो तिला चारचौघांत टाकून बोलतो, पाठ फिरवतो आणि पाठ फिरवतानाही देखणा दिसतो, त्याच्याकडे ती जाणार. असे का, हा प्रश्न या वर्षी मला छळू लागला, आणि त्याला कारण झाली जपानी चित्रकथा.

उमरखेडसारख्या गावात जपानी चित्रकथा कुठून आल्या, असे वाचक विचारतील. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी कडेला. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. 1948 पर्यंत पलीकडे निजामाचे राज्य होते आणि अलीकडे वऱ्हाड. नदीपलीकडची बातमी यायलाही त्या काळी वेळ लागे. आता टोकियोची गोष्ट मोबाईलवरून थेट माजघरात येते. माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी त्या इंग्रजीतून वाचतात, आणि मूळ पुस्तकाप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचतात. प्रथम मला वाटले, पोरगी पुस्तक शेवटाकडून वाचते आहे. खून कोणी केला हे आधी पाहणारे वाचक मला माहीत होते. लग्न कोणाशी झाले हे आधी पाहणारी ही पहिलीच, असे मी मनात म्हटले!

या गोष्टींतली एक फार गाजलेली आहे. योको कामियो या लेखिकेने ‘मार्गारेट’ नावाच्या मुलींच्या नियतकालिकात ती 1992 साली सुरू केली आणि दहा-अकरा वर्षे चालवली. नाव ‘हाना योरी दांगो’. फुलांपेक्षा लाडू बरे, अशा अर्थाची ही जपानी म्हण. आपल्याकडची ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ हिची सख्खी मावसबहीण. लेखिकेने गंमत अशी केली की ‘दांगो’ या उच्चारासाठी अक्षरे योजली ती ‘मुलगे’ या अर्थाची. गोष्ट थोडक्यात अशी. त्सुकुशी माकिनो ही गरीब घरची मुलगी श्रीमंतांच्या शाळेत शिकते. तिथे चार धनाढ्य पोरांचे राज्य. त्यांचा म्होरक्या दोम्योजी. ज्याच्यावर याची मर्जी खप्पा होईल त्याच्या कपाटात लाल चिठ्ठी पडते आणि मग सारी शाळा त्या मुलाच्या पाठीस लागते. त्सुकुशीच्या कपाटातही ती चिठ्ठी पडते. ती रडत घरी जात नाही. परत येऊन दोम्योजीलाच ठोकते. आणि त्या क्षणापासून हे महाशय तिच्या प्रेमात!

दुसरी गोष्ट याहून वरताण. आयुको हात्ता यांच्या 2011 साली सुरू झालेल्या कथेतली एरिका मैत्रिणींत मान राहावा म्हणून एका अनोळखी देखण्या मुलाचा फोटो दाखवून हाच माझा प्रियकर, अशी थाप मारते. मुलगा निघतो तिच्याच शाळेतला. तो थाप निभावून न्यायला तयार होतो, पण एका अटीवर: तिने त्याचे कुत्रे व्हायचे. तीन गिरक्या घ्यायच्या आणि भुंकायचे. मी एवढे ऐकले आणि पुस्तक मिटायला सांगितले.

“मामा, तुम्हाले नाही समजायचं ते,” भाची म्हणाली. “तो वरून तसा हाये. मनातून तसा नाही.”

या वाक्यापाशी मी थबकलो. कारण हे वाक्य जपानी नव्हे. आमच्या गल्लीत ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि ते म्हणणाऱ्या बायकांच्या हातात पुस्तक नसे.

पण त्याआधी दुष्ट नायकाचा उगम पाहू. त्यासाठी जपानला जायचे कारण नाही. रुक्मिणी ही आमच्या विदर्भाचीच लेक. कौंडिण्यपूर आजही वर्धा नदीच्या काठी उभे आहे. लग्नाच्या मुलीने नाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ वाचले की मनासारखा वर मिळतो, अशी श्रद्धा घरोघर होती. पण मनासारखा वर मिळाल्यावर काय झाले, ते भागवताच्या दशम स्कंधात साठाव्या अध्यायात आहे. रुक्मिणी पंखा घेऊन श्रीकृष्णाला वारा घालते आहे आणि तो शांतपणे म्हणतो, तू चुकलीस. एवढे राजे तुला मागत होते, आम्ही तर निष्कांचन, घरादाराविषयी उदासीन. अजूनही एखादा तोलामोलाचा राजा पाहा. तिच्या हातचा पंखा गळतो आणि वाऱ्याने केळ पडावी तशी ती कोसळते. मग देव धावतात, तिला उचलतात आणि सांगतात, अगं, थट्टा केली. रागाने थरथरणारे ओठ पाहायचे होते! दोम्योजीला याहून निराळे काय पाहायचे होते? एक मात्र खरे. शुद्धीवर आल्यावर रुक्मिणी त्याच्या एकेका मुद्द्याला असे उत्तर देते की वकिलाने ऐकावे. कथेकरी मंडळी पंखा पडल्याचे जितके रंगवतात तितके हे उत्तर रंगवत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

दुसरे उदाहरण शकुंतलेचे, आणि सारी मेख तिथे आहे. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला विसरलेला नाही. ती मुलाला घेऊन दरबारात उभी राहते, तेव्हा त्याला सर्व आठवत असते आणि तरीही तो तिला नाकारतो, वर वाटेल ते बोलतो. आकाशवाणी झाल्यावर मग म्हणतो, मला ठाऊक होते, पण लोकांना शंका राहू नये म्हणून असे केले. कालिदासाला हा नायक झेपेना. त्याने दुर्वासांना आणले, शाप देवविला, अंगठी नदीत पाडली. राजा दुष्ट राहिलाच नाही, बिचारा विसरला! आपल्या संगीत रंगभूमीचा आरंभ याच गोष्टीने झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ केले, तेव्हा पहिल्या रात्री चारच अंक झाले. म्हणजे त्या रात्रीच्या प्रेक्षकांना शाप ऐकायला मिळाला. राजाचा नकार पुढच्या अंकातला, तो राहिला. गुन्ह्याआधी माफी पदरात घेऊन मंडळी घरी गेली.

तेव्हापासून पाहा, दुष्ट नायक आला की त्याच्यामागे दुर्वास असतोच. शार्लट ब्राँटीच्या 1847 सालच्या ‘जेन एअर’मध्ये रॉचेस्टरची वेडी बायको माळ्यावर कोंडलेली असते, तो त्याचा शाप. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तल्या सुधाकराचा शाप म्हणजे दारू, आणि दारूच्याही आधी कोर्टात झालेला अपमान. जपानी पोरांचे शाप आधुनिक: आई कारखाने सांभाळण्यात गुंग, मायेचे कोणी नाही. अमेरिकेतल्या जॅनिस रॅडवे या विदुषीने एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून 1984 साली पुस्तक लिहिले. तिचेही निरीक्षण असेच की नायकाचा कठोरपणा हे दडवलेले प्रेमच होते, असा उलगडा शेवटी झाला की वाचणारीचे समाधान होते; नुसता मारझोड करणारा नायक या बायकांनाही नको असतो. म्हणजे बायकांना दुष्टपणा आवडतो, हे पुरुषांचे लाडके अनुमान टिकत नाही. त्यांना हवा असतो तो उतारा: एवढा ताठ मनुष्य एका मुलीपुढे वाकतो, तो प्रसंग. आणि तो पहिल्याच पानावर वाकला तर दहा वर्षे गोष्ट चालायची कशी? साप्ताहिकाचे संपादक ‘पुढील अंकी चालू’ का छापतात, ते वाचक जाणतातच.

शाप न देता असा नायक उभा करणारे लेखक थोडे. आचार्य अत्र्यांनी ते धाडस केले. 1962 साली दिल्लीत पहिला प्रयोग झालेल्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, नावे आणि वेष बदलून बायका फसवतो आणि कोर्टात उभा राहून सगळे नाकारतो. दुष्यंतच तो, पण अंगठीवाचून. तरी प्रभाकर पणशीकरांचा लखोबा पाहायला लोक पुन्हा पुन्हा गेले, आणि हसले. एकच फरक होता: तिथे नायिकेच्या जागी प्रेक्षकाला बसवलेले नव्हते. तो बसला होता न्यायाधीशाशेजारी.

2018-19 साली ‘तुला पाहते रे’ या मालिकेने मात्र प्रेक्षकाला आधी नायिकेशेजारी बसवले. सुबोध भावे यांचा विक्रांत सरंजामे म्हणजे श्रीमंत, रुबाबदार, वयाने मोठा. चाळीतल्या ईशावर मायेची पाखर घालणारा. सारे घर त्याच्यावर लुब्ध. मग उघड झाले की हा मूळचा गजा पाटील, आणि पहिल्या बायकोच्या मरणाला कारण हाच. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात सुतक पडल्यासारखे झाले होते! शेजारच्या एका आजीबाई तेवढ्या निवांत होत्या. “म्या पहिल्याच दिशी वळखला होता,” त्या म्हणाल्या. “लय गोड बोले.”

या आजीबाईंना माझ्या लेखी या विषयात अधिकार आहे. त्यांचे यजमान जाऊन पुष्कळ वर्षे झाली. ते हयात होते तेव्हा जेवणाचे ताट अंगणात भिरकावल्याचा आवाज चार घरे ऐकत असत, आणि सकाळी त्याच अंगणात सडा घालताना त्या म्हणत, “माणूस मनानं वाईट नाही.” पीक बुडाले, भावाने फसवले, सासू कडक होती, प्रत्येक ताटाला एकेक दुर्वास त्यांनी शोधून ठेवला होता. शाप उतरण्याची त्यांनी चाळीस वर्षे वाट पाहिली. ‘एकच प्याला’तली सिंधू मरताना नवऱ्याला वाचवायला खोटी जबानी देते. 1919 साली बालगंधर्वांच्या सिंधूने नाट्यगृहे रडवली, पण तेथून घरी परतलेल्या किती जणींना ती कथा वाटली आणि किती जणींना सल्ला, हे कोणी मोजलेले नाही. मला भीती वाटते ती याची. चित्रातल्या पोराने मुलीला भिंतीशी अडवून भिंतीवर हात आपटायचा, या प्रकाराला जपानीत ‘काबेदोन’ असे खास नाव आहे, आणि 2014 साली वर्षातल्या गाजलेल्या शब्दांत तिकडे त्याची निवड झाली. आमच्या बसस्थानकावर हे कोणी करून पाहावे! मुलीचा नकोसा पाठलाग हाही 2013 पासून आपल्याकडे गुन्हा आहे. तरी वाट अडवणारी पोरे आपण रुबाबात दिसतो असे समजतातच. त्यांनीही कुठेतरी काहीतरी वाचलेले किंवा पाहिलेले असते.

तेव्हा भाचीला पाहायला पाहुणे येणार असे ठरले तेव्हा मी थोडा काळजीत होतो. मुलगा शिकलेला, नोकरीचा, दिसायला छान. तासभर तो कोणाशी बोलला नाही. चहा आणून ठेवणाऱ्या माझ्या बहिणीकडे त्याने मान वर करून पाहिले नाही, आणि भाचीने काही विचारले तर मोबाईलमध्ये पाहत “बघू” एवढेच म्हणाला. पाहुणे गेल्यावर घरात जो तो त्याची बाजू घेऊ लागला. गंभीर आहे. कामाचा ताण असेल. लहानपणी आई वारली आहे ना. मी भाचीकडे पाहत होतो. सगळे दुर्वास एकदम हजर झाले होते, आणि या पोरीने अशा नायकांचे छत्तीस भाग वाचलेले!

“नको,” ती म्हणाली.

“अगं, तुला तर असेच आवडतात ना?” मी विचारले.

“मामा, दोम्योजी वाईट वागला तं तिनं त्याले ठोकलं. इथं ठोकलं तं तुम्हीच मला रागवान. अन् पुस्तकातला सुधरते हे मला माहीत असते, शेवटचा भाग बाजारात आलेला असते. याचा कुठं आला?”

पत्रिका जुळत नाही असा निरोप गेला. पत्रिका कोणी पाहिली नव्हती. बहीण अजून मधूनच हळहळते. मुलाला पुण्यात फ्लॅट होता.

त्याच सुमारास भाचीने मला दोम्योजीच्या गोष्टीचा उत्तरार्ध सांगितला. त्याच्यावर कोणीतरी हल्ला करते, तो वाचतो, पण शुद्धीवर येतो तो नेमके एकाच माणसाला विसरून. बाकी सगळे आठवते, त्सुकुशी आठवत नाही. ती समोर उभी, आणि हा विचारतो, ही कोण? मी उडालोच. म्हटले, अगं, हे आमच्या कालिदासाने केव्हाच लिहून ठेवले आहे. शापापासून सगळी कथा तिला सांगितली. तिने लक्ष देऊन ऐकली. राजाचा राग आलेला दिसला नाही.

“अंगठी सापडली कोणाले?” तिने विचारले.

“कोळ्याला. माशाच्या पोटात.”

“अन् त्याले काय भेटलं?”

आधी शिपायांचा मार आणि मग अंगठीच्या मोलाचे बक्षीस, असे मी सांगितले. त्यातले निम्मे त्याने शिपायांनाच देऊन टाकले, हेही सांगितले. या कोळ्यावर कोणी गोष्ट लिहिली आहे का, असे ती विचारत होती.