तकियाची उशी करू नका

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचा निंबाळकरांचा किल्ला दाखवताना आपण दरवाजा, बुरूज, कमान, खंदक हेच शब्द वापरतो. हे सारे फारसी-अरबीतून आलेले आहेत, पण आज मराठीत त्यांना कोणी परकं म्हणत नाही. अडचण येते ती त्यांचं भाषांतर करताना. कमान म्हणजे मुळात धनुष्य, इमारतीत तीच दरवाजावरची अर्धगोल बांधणी आणि घड्याळात स्प्रिंग. महाल म्हणजे राजवाडा, पण जुन्या महसुली कागदात महाल म्हणजे काही गावांचा मुलूख. ‘महाल दिला’ याचं भाषांतर ‘राजवाडा दिला’ असं केलं, तर अख्खा मुलूखच नाहीसा होतो.

हा घोळ फक्त आपल्याच भाषेत होतो असं नाही. फ्रेंच बांधकाम करारात ‘मेत्र दुव्राज’ आणि ‘मेत्र दव्र’ असे दोन शब्द असतात. पहिला म्हणजे बांधून घेणारा मालक, दुसरा म्हणजे आराखडा करून कामावर देखरेख ठेवणारा. शब्दशः इंग्रजी केलं तर दोघेही ‘कामाचे मास्टर’ होतात. मग पैसे कोणी द्यायचे आणि भिंतीला तडा गेला तर जाब कोणाला विचारायचा?

आपल्यासाठी असा शब्द आहे तकिया. शब्दकोशात तकिया म्हणजे उशी किंवा टेकू. गावात तकिया म्हणजे फकिराची जागा. कुठे तिथे कबरी असतात, कुठे मशीद, कुठे विहीर. मोडी किंवा उर्दू कागदाचं भाषांतर करणाऱ्याने ‘फकिराचं घर’ लिहिलं की उद्या कोणीतरी वारस म्हणून उभा राहतो. नुसतं ‘कब्रस्तान’ लिहिलं तर मशीद कागदावरून पुसली जाते. दोन्ही वेळा नुकसान समाजाचंच होतं.

कचेरीला एकच नेमका शब्द हवा असतो, हे मान्य. पण नेमकेपणा अंदाजाने येत नाही. भाषांतरात मूळ शब्द जसाच्या तसा ठेवावा, शेजारी अर्थ लिहावा आणि तोच अर्थ का घेतला हेही लिहावं. त्याआधी जागा पाहावी, गावातल्या जाणत्यांना विचारावं. आपल्या वस्तीत मोडी आणि उर्दू वाचू शकणारी माणसं कमी होत चालली आहेत. ती आहेत तोवर आपले कागद त्यांच्यासमोर उघडा. चुकीचा शब्द एकदा नोंदीत बसला की तो काढायला पिढ्या जातात.