छर्ऱ्याची बंदूक आणि पक्ष्याचे नाव



मारुती चितमपल्ली यांचे १८ जून २०२५ रोजी सोलापुरात निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. २००६ साली सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचे स्मरण करताना आपण ‘अरण्यऋषी’ हे विशेषण वापरतो आणि बहुधा तेथेच थांबतो. माझ्या मते या विशेषणामुळे त्यांच्या लेखनाचा एक महत्त्वाचा आधार झाकला जातो. तो आधार म्हणजे शिकाऱ्याचे ज्ञान.

चितमपल्लींनी वनखात्यात दीर्घकाळ नोकरी केली. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची खरी विद्यापीठे. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ आणि ‘पक्षिकोश’ या ग्रंथांतून त्यांनी मराठीला शब्दांचे मोठे धन दिले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ हे शब्द त्यांनी रूढ केले. हे काही शब्द त्यांनी घडवले. पण पक्ष्यांची कितीतरी नावे त्यांनी पारधी, गोंड, कोरकू, ढीवर यांच्या तोंडून टिपली. या लोकांना पक्ष्याचे नाव ठाऊक होते, कारण त्यांना तो पक्षी शोधावा लागत असे. तो कोठे चरतो, केव्हा पाण्यावर उतरतो, कोणती शीळ घालतो, हे न जाणणाऱ्याच्या फाशात काही सापडत नाही. भूक ही निरीक्षणाची पहिली शिक्षिका होती, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

ही गोष्ट केवळ रानातल्या माणसांपुरती मर्यादित नाही. डॉ. सालिम अली (जन्म १८९६) यांनी मुंबईत लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथील डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्यांच्यापुढे पक्ष्यांच्या जगाचे दार उघडले. पुढे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीवरूनच नाव दिले. बंदुकीविषयीचे आपले प्रेम त्यांनी लपवले नाही. ‘हा पक्षी कोणता?’ हा प्रश्न बंदुकीच्या आवाजानंतर उमटला, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. रानपिंगळा या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली झाले. त्यानंतरच्या काळात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने बंदुकीने टिपले आणि चिठ्ठ्या लावून जपले. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला आढळला नाही. अपवाद एकच : रिचर्ड माइनर्ट्झहागन याने १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे तो मिळवल्याची नोंद. ती नोंद खोटी होती. संग्रहालयातील जुना नमुना चोरून त्याने त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध घेणाऱ्यांचे श्रम वाया गेले. पामेला रासमुसेन यांनी नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, ही लबाडी ओळखली आणि खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. मध्ये ११३ वर्षे लोटली होती.

या घटनेतून साहित्याच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? दोन्ही चिठ्ठ्या बंदूक हाताळणाऱ्या माणसांच्याच होत्या. एकाने पाहिले तेच लिहिले, दुसऱ्याने न पाहिलेले लिहिले. पक्षिलेखनाचे मोल लेखकाच्या हातात बंदूक होती की दुर्बीण, यावर ठरत नाही. ते त्याच्या साक्षीच्या खरेपणावर ठरते.

याचा अर्थ शिकारीचा गौरव करावा असा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पायबंद घातला, तो योग्यच होता. शिकारसाहित्यात बढाई पुष्कळ असते. किती पक्षी पाडले याची मोजदाद करणारी पाने आज वाचवत नाहीत. परंतु त्याच पुस्तकांत पहाटेचे दव, वाऱ्याची दिशा, तितराच्या हाकेचे अंतर यांचेही वर्णन असते. बढाई बाजूला सारून साक्ष उचलावी, हाच विवेकी वाचकाचा मार्ग आहे. संकोचामुळे ही पुस्तके वाचलीच नाहीत, तर बढाईबरोबर साक्षही हरवेल.

बोदवडसारख्या गावात बसून आपण हा पाठ वाचत असाल, तर हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. आपल्या आजोबांच्या पिढीला ज्वारी-कपाशीच्या शेतातला प्रत्येक पक्षी नावाने ठाऊक असेल. तावडीत किंवा लेवा गणबोलीत त्याचे वेगळे नाव असेल. ते नाव पाठ्यपुस्तकात मिळणार नाही आणि सांगणारा गेल्यावर कोठेच मिळणार नाही. चितमपल्लींना श्रद्धांजली वाहायची असेल, तर ती शब्द गोळा करून वाहावी.

आपण करून पाहा : घरातील किंवा गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीकडून पाच पक्ष्यांची बोलीतील नावे मिळवा. प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याचे गाव, पक्षी दिसण्याची जागा आणि वेळ लिहा. जे स्वतः पाहिले आणि जे केवळ ऐकले, ते वेगवेगळे नोंदवा. खऱ्या चिठ्ठीचे मोल काय असते, हे रानपिंगळ्याने आपल्याला शिकवलेच आहे.