कॅशलेस

मोटारीचा विमा दोन प्रकारचा. समोरच्याच्या नुकसानीचा, तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा. आपल्या गाडीचा मात्र ऐच्छिक. आणि ऐच्छिक म्हणजे आपल्याकडे अनावश्यक!

हा दुसरा खपावा म्हणून कंपन्यांनी गॅरेजांशी सोयरीक जमवली. यादीतल्या गॅरेजात गाडी न्या, बिल कंपनी भरेल. नाव ‘कॅशलेस’. मी गेलो. थंडगार खोली, फुकट कॉफी, नवा बंपर. मग कागद आला: प्लॅस्टिकवर निम्मा घसारा, तो मी भरायचा, शिवाय पहिले हजार रुपये माझेच. "घसारामाफीची पुरवणी घेतली नाहीत ना?" अहो, सांगितली कुणी? कॅशलेस झालो तो मी!

आमच्या नाक्यावरचा मिस्त्री गाडीचा खोकला ऐकून रोग सांगतो. विमा कोणता घ्यावा, हेही लोक त्यालाच विचारतात. पण यादीत तो नाही. त्याच्याकडे कॉफी नाही ना! विमा घरोघर न्यायचाय? मग आधी त्याला भागीदार करा, घसारा पॉलिसी घेतानाच समजावून द्या. नाहीतर त्याचं गिऱ्हाईक जाईल आणि तुमचंही. विश्वासालाही घसारा लागतो. तो भरून देणारी पुरवणी अजून निघालेली नाही.