थकबाकीदाराची भीड कशासाठी?

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत सर्वांत चढ्या आवाजात कोण बोलतो? पुष्कळदा तोच सदस्य, ज्याचे देखभाल शुल्क वर्षभर थकलेले असते. दारात नवी मोटार उभी असते, मुलीचे लग्न थाटात पार पडलेले असते. महिन्याचे देयक आले की मात्र त्याला गळणारे छत आठवते. तक्रार खरी असेलही. तिच्यासाठी निबंधकाकडे आणि सहकार न्यायालयाकडे दाद मागता येते. पैसे अडवून छत दुरुस्त होत नाही, उलट दुरुस्ती निधीच आटतो.

चाळीस सदनिकांच्या संस्थेत सहा जणांनी महिना तीन हजार रुपये थकवले, तर वर्षाकाठी दोन लाख सोळा हजारांची तूट येते. उद्वाहन आणि पंप त्यासाठी थांबत नाहीत, पहारेकऱ्याचा पगारही थांबत नाही. ही तूट उरलेले चौतीस जण भरून काढतात आणि त्यांत निवृत्तिवेतनावर जगणारी वृद्ध जोडपीही असतात. याला आर्थिक अडचण म्हणायचे की शेजाऱ्याच्या खिशावरील उघड डल्ला?

मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी गृहनिर्माण संस्था उभारली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. मध्यमवर्गाला हक्काचे घर मिळाले ते अशा विश्वासाच्या बळावर. आज त्याच विश्वासाला सुरुंग लागत आहे आणि व्यवस्थापन समित्या ‘रोज तोंड पाहायचे आहे, वाईटपणा कोणी घ्यायचा?’ म्हणत स्वस्थ बसल्या आहेत.

कायदा दुबळा आहे, ही सबब टिकणारी नाही. २०१४ च्या आदर्श उपविधींनी थकबाकीवर दरसाल २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याजाची मुभा दिली. २०१९ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यातील कलम १५४ब-२९ अन्वये निबंधक वसुली दाखला देतो. मग येणे रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते आणि प्रसंगी मालमत्तेवर जप्तीही येते. त्यासाठी लागतात त्या वेळेवर पाठवलेल्या नोटिसा, खातेउतारा आणि ठराव. नेमकी हीच कागदपत्रे बहुतेक समित्यांच्या कपाटात सापडत नाहीत!

काही समित्या दुसऱ्या टोकाला जातात. पाणी तोडणे, जिन्यात नावाचा फलक लावून विटंबना करणे, हे वसुलीचे मार्ग नव्हेत. नोकरी गेलेल्या किंवा घरात दीर्घ आजारपण असलेल्या सदस्याला हप्ते बांधून द्यावेत, तेही लेखी. पण सवलत अडलेल्याला असते, निर्ढावलेल्याला नव्हे.

आणि थकबाकीदार समितीतच बसला असेल तर? कायद्याने तो त्या पदास अपात्र ठरतो. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिल्या क्रमांकावर घेण्याची हिंमत किती सचिव दाखवतील?