नवा स्ट्रेस घ्या, टेन्शन घालवा!

मंडळी, ऑफिसात आधीच स्ट्रेस काय कमी आहे, असं म्हणाल. पण हा स्ट्रेस वेगळा. लिनक्सवर गडबड शोधायचं हे एक छोटंसं टूल. खरं नाव एस-ट्रेस, पण बोलताना त्याचा स्ट्रेस होतोच. 1991 मध्ये पॉल क्रॅनेनबर्ग यांनी तो सनओएससाठी लिहिला, मग तो लिनक्सवर आला आणि तिथलाच होऊन बसला.

फंडा सोपा आहे. कुठलाही प्रोग्रॅम कर्नलकडे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याकडे, सारखा काहीतरी मागत असतो. ही फाईल उघड, तो सर्व्हर जोडून दे, थोडी मेमरी दे. या मागण्यांना सिस्टीम कॉल म्हणतात. स्ट्रेस दारात उभा राहून प्रत्येक मागणी आणि तिला मिळालेलं उत्तर टिपून घेतो. ॲप्लिकेशन 'समथिंग वेंट राँग' एवढंच बोलून गप्प बसलं, की स्ट्रेसच्या यादीत दिसतं, साहेब अमुक फाईल शोधतायत आणि ती तिथे नाहीच! सोर्स कोड हाताशी नसला तरी हे कळतं.

आता गोची ऐका. कर्नल नवा होतो तशा नव्या मागण्याही येतात. 2017 च्या 4.11 कर्नलमध्ये 'स्टॅटएक्स' आला, फाईलची माहिती विचारणारा. आज नव्या लिनक्सवर साधं 'एलएस' मारलं तरी तोच वापरला जातो. पण तुमचा स्ट्रेस त्याच्या आधीचा असेल, तर त्याला हे नावच ठाऊक नसतं. नेहमीच्या 64 बिटांच्या इंटेल मशीनवर तो 332 हा नंबर आणि पुढे न कळणारे आकडे छापतो. फाईलचं नाव गायब! म्हणजे जे शोधायला निघालात नेमकं तेच नाही.

म्हणून अपस्ट्रीम. वसई-विरारकरांना हा शब्द वेगळा समजावायला नको. आपल्या नळाचं पाणी सूर्याच्या धामणी धरणातून, उसगाव-पेल्हारहून येतं. मध्ये जलशुद्धीकरण, जलवाहिन्या, सोसायटीची टाकी. सॉफ्टवेअरचंही तसंच. मूळ प्रकल्प वरच्या अंगाला. तिथून फेडोरासारख्या वितरणात, तिथून रेड हॅटच्या एंटरप्राइज लिनक्समध्ये, आणि मग तुमच्या सर्व्हरवर. (या रेड हॅटचं ऑफिस आपल्या पुण्यातही आहे, बरं का.) प्रत्येक टप्प्यावर तपासणी होते, ते योग्यच. पण खाली पोचेपर्यंत वेळ जातो, आणि तुमच्या सोसायटीची टाकी किती वर्षांत धुतलेली नाही हा प्रश्न वेगळाच!

तुमचा स्ट्रेस किती जुना हे बघायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. स्ट्रेसपुढे डॅश आणि कॅपिटल व्ही टाका, आवृत्ती कळेल. 'यूनेम डॅश आर' मारा, कर्नलचा नंबर कळेल. 2019 मध्ये स्ट्रेसवाल्यांनी 4.26 नंतर थेट 5.0 काढला, कर्नलच्या नंबराशी जोडी जमावी म्हणून. त्यामुळे कर्नल 6 चा आणि स्ट्रेस 4 चा असेल, तर समजून जा. वर नवे फायदेही आहेत. 2019 च्याच 5.2 मध्ये कॅपिटल झेडचा पर्याय आला: फक्त फसलेल्या मागण्या दाखव. हजारो ओळी चाळत बसायचं काम वाचलं.

'चालतंय ना, मग हात कशाला लावा?' असं म्हणणारा एक सीनियर प्रत्येक ऑफिसात असतोच. डेटाबेसच्या बाबतीत त्याचं मी मुकाट ऐकेन. इथे नाही. स्ट्रेस आपण बोलावल्याशिवाय चालतच नाही, तो बदलल्याने बिलिंग बंद पडणार नाही. परवानगी अडली तर सोर्स आणून टेस्ट मशीनवर बांधा आणि होम फोल्डरमध्ये ठेवा, जुन्याला धक्का लागत नाही. अर्थात कंपनीची सिक्युरिटी पॉलिसी आधी विचारून.

आणि हे पावसाळ्याआधी करा. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढलं आणि विरारच्या गाड्या बंद पडल्या, आठवतंय? अशा रात्री अंधेरीच्या ऑफिसातला सर्व्हर अडला, तर व्हीपीएनवरून आत शिरल्यावर तिथे जे टूल असेल तेवढंच तुमच्या हाती. तेव्हा 332 चा अर्थ शोधत बसायचं, की सरळ फाईलचं नाव वाचायचं?

एक सांभाळा. स्ट्रेस प्रत्येक मागणीवर प्रोग्रॅमला थांबवतो, त्यामुळे तो चांगलाच मंदावतो. गर्दीच्या वेळी चालू सर्व्हरला डॅश पीने जोडलात, तर पाच-दहा सेकंदांत कंट्रोल-सी मारा. प्रोग्रॅम बंद पडत नाही, स्ट्रेस तेवढा बाजूला होतो.